प्रदर्शनातली खोली आणि राहती खोली

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

शैक्षणिक वर्ष संपत आले की मुंबईच्या कला महाविद्यालयांत, वास्तुकलेच्या आणि गृहविज्ञानाच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या कामांची प्रदर्शने लागतात. चित्रांची प्रदर्शने आपल्या परिचयाची आहेत. मला बोलायचे आहे ते त्यांच्या शेजारी, बहुधा आतल्या दालनात मांडलेल्या एका वेगळ्या प्रकाराबद्दल. तिथे भिंतीवर घराचे नकाशे असतात, टेबलावर माउंटबोर्डाच्या चिमुकल्या खोल्या असतात, त्यांत काडेपेटीएवढा सोफा असतो. कधी कधी तर एखादी खोली खऱ्या आकाराची उभी केलेली असते. तिला तीनच भिंती असतात. चौथी नसते, कारण तिथून आपण बघायचे असते. राहत्या खोलीला मात्र चौथी भिंत असते आणि बहुतेक घरांत ट्रंका, गाद्यांची वळकटी आणि देवांचा फोटो नेमके त्याच भिंतीला असतात.

घराच्या आतल्या रचनेला आज आपण सर्रास इंटिरियर डिझाइन म्हणतो. विद्यार्थ्यांनी खोली सजवून लोकांना दाखवण्याची ही पद्धत मुंबईत चांगली शंभर वर्षांची आहे. तिचा एक धागा फोर्टातल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून निघतो. दुसरा निघतो तो थेट आपल्या उपनगरात, सांताक्रूझ पश्चिमेला, जुहूकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या महिला विद्यापीठाच्या आवारात येतो. पहिला धागा दिवाणखान्याचा आहे, दुसरा स्वयंपाकघराचा. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याची दखल फारशी कोणी घेतली नाही, आणि माझ्या मते आपल्या घरांना अधिक उपयोगी पडला तो दुसराच.

आधी पहिल्याकडे जाऊ. जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झाले. चित्रकला आणि शिल्पकलेइतकेच तिथे हस्तव्यवसायांना महत्त्व होते. १८९१ मध्ये तिथे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे आर्ट वर्कशॉप्स' सुरू झाली. लाकडावरचे कोरीवकाम, धातुकाम यांसारखे व्यवसाय शिकवावेत, हा त्यांचा हेतू. मुंबईत लाकडी कोरीवकामाला तेव्हा चांगली बाजारपेठ होती. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ओळखले जाणारे शिसवी फर्निचर एकोणिसाव्या शतकात इथल्या कारागिरांकडून बनत होते. घाट साहेबी, नक्षी देशी. पाठीवर वेलबुट्टी, पायांवर पाने, हातांवर पशुपक्षी. हिंदुस्थानी कारागिरीचे मोठे चाहते असलेले जॉर्ज बर्डवुड यांनाही हा प्रकार रुचला नव्हता. मला विचाराल तर मुंबईच्या पावसाळ्यात त्या नक्षीच्या खाचांमध्ये साठणारी धूळ आणि बुरशी काढण्याचे काम ज्या गड्याकडे असेल, त्याचे मत बर्डवुडसाहेबांपेक्षा कडक असणार.

१९१७ मध्ये जे. जे.मधून वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन' काढली. हीच संस्था पुढे नाव बदलत बदलत १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. म्हणजे देशातल्या वास्तुविशारदांची ही प्रमुख संस्था मुळात माजी विद्यार्थ्यांची मंडळी होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता १९२४ साल. लंडनजवळ वेम्ब्ले येथे ब्रिटिश साम्राज्याचे अवाढव्य प्रदर्शन भरले. जे. जे.चे प्रमुख तेव्हा कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन होते. त्यांनी विद्यार्थ्यांकडून त्या प्रदर्शनासाठी एक अख्खी खोली करवून घेतली. तिचे नाव 'इंडियन रूम'. रंगवलेले छत, भित्तिचित्रे, लाकूडकाम, फर्निचर, सारे मुंबईच्या मुलांच्या हातचे. विद्यार्थ्यांनी घराच्या आतल्या भागाचा समग्र विचार करून तो जगापुढे मांडल्याचे आपल्याकडचे हे एक पहिले ठळक उदाहरण. काम नक्कीच देखणे असणार. पण त्या खोलीत राहणार कोण होते? कोणीच नाही. ती खोली राहण्यासाठी नव्हतीच. हिंदुस्थान कसा दिसतो हे साहेबाला दाखवण्यासाठी ती होती.

हीच वर्षे आणखी एका खोलीची आहेत. सॉलोमन यांच्या भित्तिचित्रांच्या वर्गाला ज्यांचा भक्कम पाठिंबा होता ते गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याच कारकिर्दीत, १९२० मध्ये, मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. याच त्या बीडीडी चाळी. एकूण २०७ इमारती, तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला, यावरून खोलीच्या सोयीसुविधांचा अंदाज यावा. एकाच राजवटीत एक खोली वेम्ब्लेला गेली आणि सोळा हजारांवर खोल्या गिरणगावात उभ्या राहिल्या. वेम्ब्लेच्या खोलीला कलावंत मिळाले. १६० चौरस फुटांत खाट कुठे आणि चूल कुठे, याचा विचार करायला मात्र कोणी कलावंत नेमला गेला नाही. तो विचार त्या त्या घरातल्या बाईने केला.

तो तिने कसा केला हे समजण्यासाठी जरा मागे जाऊन आपल्या जुन्या घरांकडे बघू. कोकणातले कौलारू घर घ्या किंवा देशावरचा वाडा घ्या, त्यात फर्निचर म्हणावे असे फारसे काही नसे. झोपाळा, पाट, चौरंग, एखादा पलंग, बैठकीवर लोड-तक्के. पण याचा अर्थ सामान ठेवायला जागा नव्हती असा नाही. सगळे फर्निचर भिंतीच्या पोटात होते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीत कोनाडे होते, दिवा ठेवायची देवळी होती, दार लावता येईल असे फडताळ होते, कपड्यांना खुंट्या होत्या. माणसे जमिनीवर बसत, जमिनीवर जेवत, जमिनीवर झोपत आणि सकाळी अंथरूण गुंडाळले की झोपायच्या खोलीची बसायची खोली होई. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात 'एका जागेचे अनेक उपयोग' म्हणून जे नवे मानले गेले, ते आमच्या आज्या रोज सकाळी साडेपाचला करत होत्या.

चाळीत ही माणसे आली, पण भिंत तशी आली नाही. पातळ भिंतीत ना कोनाडा ना फडताळ. मग भिंतीच्या पोटातले सगळे बाहेर आले. फडताळाची ट्रंक झाली, कोनाड्याची फळी झाली, शिंक्याची मांडणी झाली, खुंट्यांची वळणी झाली आणि डोक्यावरच्या रिकाम्या जागेचा पोटमाळा झाला. खाटेखाली ट्रंका ठेवता याव्यात म्हणून खाटेच्या पायांखाली विटा लावायच्या, ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. मुंबईचे खरे स्थानिक फर्निचर डिझाइन कुठे जन्मले असे कोणी विचारले, तर मी या विटांकडे बोट दाखवीन.

शहरातल्या वरच्या आणि मध्यम वर्गाची गोष्ट वेगळी. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा इथे १९३० च्या दशकात सिमेंट-काँक्रीटच्या फ्लॅटच्या इमारती उभ्या राहत होत्या. फ्लॅटमध्ये राहायचे कसे हे लोकांना शिकावे लागणार होते. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने, म्हणजे त्याच १९१७ च्या मंडळींच्या संस्थेने, टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम एक्झिबिशन' भरवले. टाउन हॉल म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे ती पायऱ्यांची इमारत. बारा दिवसांत लाखभर लोक येऊन गेले. सजवलेल्या नमुना खोल्या, विजेची उपकरणे, नव्या पद्धतीची न्हाणीघरे, गोलाईदार कडांचे फर्निचर. आपल्याकडच्या आजच्या गृहप्रदर्शनांचे, सोफा-पडद्यांच्या मेळ्यांचे मूळ तिथे सापडते. नक्षी गेली, सपाट पृष्ठभाग आले, कारण सपाट पृष्ठभाग पुसायला सोपा, हा त्यातला खरोखर शहाणपणाचा भाग. पण आदर्श घर कोणासाठी? लाखभर लोकांपैकी किती जणांना वेगळा शयनकक्ष होता, हा प्रश्न त्या नमुना खोल्यांतून सुटणारा नव्हता.

इथून आता सांताक्रूझच्या आवाराकडे येऊ. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली होती. जिंझो नारुसे यांनी १९०१ मध्ये टोकियोत ते विद्यापीठ काढले होते आणि तिथे भाषासाहित्याच्या बरोबरीने गृहव्यवस्थेचा स्वतंत्र विभाग होता. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात ते सुरूही केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला आले. पुढे सांताक्रूझ-जुहूच्या आवारात गृहविज्ञानाचे महाविद्यालय आले आणि मुलींसाठी पॉलिटेक्निकही.

गृहविज्ञान या विषयाची थट्टा आपल्या समाजाने मनसोक्त केली आहे. 'स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला हवे?' हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत कित्येक मुलींनी ऐकला असेल. दुसऱ्या बाजूने, बायकांना शिकवायचे ते घरकामच का, हा आक्षेपही कर्व्यांच्या विद्यापीठावर घेतला गेला, आणि तो बिनबुडाचा म्हणता येणार नाही. पण या वादात एक गोष्ट झाकली गेली. घराच्या आतल्या रचनेचा विचार इथे स्वयंपाकघरापासून सुरू झाला, आणि तोही सजावट म्हणून नव्हे, श्रम म्हणून. बाई दिवसातून किती वेळा वाकते, किती पावले चालते, डाळीचा डबा काढायला तिला स्टुलावर का चढावे लागते. गृहविज्ञानात 'कुटुंब संसाधन व्यवस्थापन' म्हणून जो विषय शिकवतात, त्याच्या पोटात हे सगळे येते.

जगातही हा विचार याच सुमारास चालला होता. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर रचले. आगगाडीच्या डब्यातल्या भटारखान्यासारखे आटोपशीर, जेमतेम ७० चौरस फुटांचे, पण प्रत्येक गोष्ट हाताच्या अंतरावर. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. आजच्या 'मॉड्युलर किचन'ची ही पणजी. आणि ती राजवाड्यासाठी जन्मली नव्हती, कामगाराच्या घरासाठी जन्मली होती.

मुंबईत क्रांती झाली ती गॅसने. १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. त्यापूर्वी चूल, शेगडी आणि प्राइमस स्टोव्ह जमिनीवर असत आणि बाई पाटावर बसून स्वयंपाक करी. गॅसची शेगडी उंचावर गेली आणि तिच्याबरोबर बाई उभी राहिली. वाचायला सोपे वाटते, पण घरातल्या अंतर्रचनेत गेल्या शतकात याहून मोठा बदल झालेला नाही. कडाप्प्याचा काळा दगडी ओटा आला, ओट्याखाली सिलिंडर गेला, शेजारी मोरीऐवजी सिंक आले, समोर मांडणी चढली. बसून चिरायची विळी मागे पडून उभ्याने चिरायची सुरी आली. गुडघे वाचले, कंबर मात्र दुखू लागली.

कंबर का दुखू लागली? कारण ओट्याची उंची. उभ्याने काम करायचा पृष्ठभाग कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असावा, म्हणजे खांदे वर चढत नाहीत आणि पाठ वाकत नाही. साधारण पाच फूट उंचीच्या आपल्याकडच्या बाईला ३२ इंचांच्या आसपासचा ओटा सोयीचा पडतो. अमेरिकेत तो ३६ इंचांचा करतात. आपल्याकडे वर्गात वापरली जाणारी मापांची पुस्तके बराच काळ परदेशीच होती. जर्मनीच्या न्यूफर्टचा मापग्रंथ १९३६ चा, बाकीचे बहुतेक अमेरिकन. त्यांतला माणूस सहा फुटी, बूट घातलेला आणि खुर्चीवर बसणारा. मांडी घालून बसणारा, उकिडवा बसणारा माणूस त्यांत नव्हताच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांनी तयार केलेला भारतीय शरीरमापांचा ग्रंथ काढला तो १९९७ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षे आपण आपल्या खुर्च्या बऱ्याचशा दुसऱ्यांच्या पायांच्या मापाने करत होतो. रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसलेल्या बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात, त्याचे एक कारण हे.

म्हणूनच सांताक्रूझच्या धाग्याला मी महत्त्व देतो. ज्या वर्गात मुलीला सांगितले जाते की आधी घरी जा, आईची उंची घे, तिच्या हाताचा पल्ला मोज आणि मग फळीची रेघ काढ, त्या वर्गात दिवाणखान्याचा रुबाब कमी शिकवला जात असेल, पण फळी हाताला लागते.

अर्थात आपल्या घरांत प्रत्यक्ष आलेले फर्निचर काही वर्गांतून आले नाही. ते आले दोन ठिकाणांहून. एक कारखाना आणि दुसरा सुतार. कारखान्यातले पहिले नाव गोदरेज. १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटे बनू लागली आणि पुढे विक्रोळीच्या कारखान्यातून ती घरोघरी गेली. मराठी घरात 'कपाट' आणि 'गोदरेज' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात. वाळवी लागत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, कुलूप भक्कम, आत एक चोरकप्पा, दारावर आरसा. दागिने, रेशनकार्ड, शाळेचे दाखले आणि लग्नातला शालू यांचे एकत्र घर. त्याला कोणी सुंदर म्हणत नाही. पण लोखंडी दाराचा तो घुमणारा आवाज ओळखत नाही असा मुंबईकर विरळा.

दुसरा सुतार. साठ-सत्तरच्या दशकांत प्लायवूड आणि त्यावरची सनमायका आली. त्याआधी १९५९ मध्ये फेव्हिकॉल आले होते. तोपर्यंत सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळून वापरत. त्याचा वास घरभर भरे आणि दमट हवेत सांधे सुटत. पांढऱ्या तयार गोंदाने सुताराचे काम सोपे झाले, वेळ वाचला, आणि उपनगरातल्या वन-रूम-किचनमध्ये मिस्त्री महिना-महिना मुक्काम ठोकू लागला. सोफा-कम-बेड, खाली खण असलेला दिवाण, भिंतीला दुमडणारे टेबल, टीव्हीभोवतीचे वॉल युनिट. म्हणजे चाळीत भिंतीतून बाहेर पडलेले सामान पुन्हा भिंतीला जाऊन चिकटले. फडताळ परत आले, फक्त आता ते सनमायकाचे होते.

या डिझाइनचा गुरू कोण? फेव्हिकॉलवाल्यांनी काढलेली फर्निचरच्या चित्रांची पुस्तके. मिस्त्री पिशवीतून ते पुस्तक काढी, घरातले सगळे भोवती बसत, बोट ठेवून 'हे, पण याच्यात खण दोन जास्त' असे सांगत आणि मिस्त्री पेन्सिलीने थेट भिंतीवर आकृती काढी. नकाशा म्हणजे ती भिंतच. रंग लागला की नकाशा गेला. त्यामुळे मुंबईच्या घराघरांतल्या या डिझाइनचा दप्तरी पुरावा जवळजवळ काहीच उरलेला नाही. प्रदर्शनातल्या कार्डावर विद्यार्थ्याचे नाव असते, मार्गदर्शकाचे असते, प्लायवूड देणाऱ्या कंपनीचेही असते. खुर्ची जोडणाऱ्या सुताराचे नाव मला फारसे कधी दिसलेले नाही. हे १८९१ च्या कार्यशाळेपासून चालत आले आहे.

आता थोडे समुद्रापार. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. आपल्याकडे हे नाव पोर्तुगीजांच्या मागे आले. फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथेही सांताक्रूझ नावाचा जुना भाग आहे, तिथे ते स्पॅनिशांबरोबर आले. नावांसारखे फर्निचरही या दोन किनाऱ्यांवर उतरले. आपण 'अलमारी' म्हणतो तो पोर्तुगीज शब्द, फिलिपिनो माणूस टेबलाला 'मेसा' म्हणतो तो स्पॅनिश. गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती घरांत लांब हातांची आरामखुर्ची दिसते, जिच्या हातांवर पाय पसरून दुपारी पडता येते. तशीच खुर्ची फिलिपिन्सच्या जुन्या घरांत आहे. तिचे तिथले नाव 'पेरेझोसा', म्हणजे आळशीण. बैठक दोन्हीकडे वेताची, जाळीत विणलेली, कारण उकाड्यात त्यातून वारा खेळतो. आपल्याकडे वेताची ही विणाई अंध विद्यार्थ्यांना उपजीविकेसाठी शिकवली जात असे. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या अशा बोटांनी विणलेल्या आहेत, ज्यांना जाळी दिसत नव्हती पण एक पट्टी सैल पडली की लगेच कळत होते.

फिलिपिन्समध्ये १९६७ मध्ये इंटिरियर डिझाइनची स्वतंत्र शाळा निघाली, 'फिलिपाइन स्कूल ऑफ इंटिरियर डिझाइन'. शिक्षण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी खऱ्या आकाराच्या खोल्या उभ्या करून दाखवायच्या, ही तिची प्रसिद्ध प्रथा. पण मला तिथली शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती सेबू बेटाची. तिथे वेतकाम करणारे कारागीर होतेच. बेटी कोबोनप्वे या बाईंनी १९७२ मध्ये तिथे फर्निचरचा उद्योग सुरू केला. त्यांचा मुलगा केनेथ न्यू यॉर्कला औद्योगिक डिझाइन शिकला आणि १९९६ मध्ये सेबूला परतला. त्याने कारागिरांच्या हातातले तेच वेत घेऊन नवे आकार केले आणि ते जगभर गेले. साहित्य गावचे, हात गावचे, शिक्षण बाहेरचे, आणि शिकलेला माणूस परत कारागिराशेजारी येऊन बसलेला.

आपल्याकडे हे अजिबात झाले नाही असे नाही. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. त्याची उभारणी करणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे.मधून जर्मनीतल्या उल्म इथल्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत गेले होते. त्याच सेंटरमध्ये प्रा. ए. जी. राव यांनी वर्षानुवर्षे बांबूवर काम केले. २००४ मध्ये सिंधुदुर्गात कुडाळला 'कॉनबॅक' हे बांबू केंद्र उभे राहिले. कोकणातला माणगा बांबू भरीव आणि सरळ. त्याला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केली की खुर्चीपासून छपरापर्यंत सगळे होते. मग इतकी वर्षे का झाले नाही? एक मोठे कारण कायद्यात होते. १९२७ च्या वन कायद्यात बांबू वृक्षांत मोडत असे, म्हणून स्वतःच्या परसातला बांबू तोडून न्यायचा तरी परवान्यांची कटकट. नोव्हेंबर २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला गेला. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षे लागली.

तरीही विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात आजही संगणकावर काढलेला, दोन हजार चौरस फुटांचा, समुद्राकडे तोंड करून असलेला फ्लॅट अधिक दिसतो. मुलांना दोष देत नाही. नोकऱ्या तिथे आहेत. पण असा नकाशा बघताना शेजारची एखादी वयस्क बाई हमखास विचारते, 'कपडे कुठे वाळत घालायचे हो?' आणि मुलगी गोंधळते. पाच-पन्नास नकाशे बघून झाल्यावर मला वाटते, परीक्षकांच्या यादीत अशा एका बाईला कायमची खुर्ची द्यावी. ३२ इंचांच्या ओट्याशी जुळणारी.

ज्या १६० चौरस फुटांपासून आपण निघालो, त्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास आता चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे, उंच इमारतीत. तीन-तीन पिढ्या एका खोलीत विटांवर खाट चढवून राहिलेली माणसे आता दोन शयनकक्षांच्या घरात गेली आहेत. पोटमाळा गेला, सामाईक गॅलरी गेली, ओटा बसवूनच मिळाला. आजोबांची ट्रंक, आईचे गोदरेज, मुलाचे कॉम्प्युटरचे टेबल आणि पूर्वी गॅलरीत उभी करून ठेवलेली शिडी आता कुठे जातात, हा विषय यंदाच्या कुठल्याही वर्गाला नकाशासाठी देण्यासारखा आहे. मापे घ्यायला वरळीला जावे लागेल. दादरहून बस मिळते.